चतुःसीमा लिहून द्या

प्रति,
मा. पदाधिकारी व सदस्य,
महाराष्ट्र राज्य दंत परिषद, मुंबई

विषय : दातांच्या इम्प्लांटमधील अंतराची नोंद रुग्णाला लेखी देण्याबाबत

महोदय,



मी कृषी खात्यात सहायक म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बहुतेक काळ नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत गेला. अर्धापूरची केळी, औसा-निलंग्याचे सोयाबीन, मुखेड-कंधारचा कापूस आणि तूर. इतक्या वर्षांत शेतकऱ्याच्या कानीकपाळी मी कोणता एक शब्द ओरडलो असेन, तर तो ‘अंतर’. केळी पाच बाय पाच फुटांवर लावा. सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर सोडा. दाट लावले की जास्त पिकते, हा हिशेब बांधावर उभे राहून बरा वाटतो. झाडे अंगाला अंग घासू लागली, हवा खेळेनाशी झाली आणि रोग शिरला, की तोच हिशेब अंगावर येतो.

हे सगळे दुसऱ्याला सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून घेतले आणि त्या दोघांत अंतर किती, हे तीन वर्षे विचारले नाही. म्हणून हे पत्र.

ही कोणाविरुद्धची तक्रार नाही. माझे काम जिथे झाले त्या दवाखान्याचे नाव मी घेणार नाही, कारण त्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या माणसाचीही चूक होती, आणि तो मी होतो.

झाले असे. खालच्या जबड्यात डावीकडच्या, सुळ्यामागच्या दोन उपदाढा मी चाळिशीतच काढल्या होत्या. जागा रिकामी राहिली. पडीक राहिलेल्या तुकड्यात शेजारी बांध कोरत कोरत पुढे येतो, तशी मागची दाढ हळूहळू पुढे कलली. निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर ‘फिक्स दात’ असा फलक पाहून मी जिना चढलो. डॉक्टरांनी तोंड तपासले आणि म्हणाले, “काका, दोनला जागा थोडी कमी पडतेय. एकावर भागवता येईल.” मी म्हणालो, “गेले दोन, तर बसवा दोन. पैशाची काळजी करू नका.” ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “बघू. ॲडजस्ट करू.”

ॲडजस्ट झाले. निवृत्तिवेतनाचे दोन महिने त्यात गेले, पण दात देखणे आले. पहिले वर्ष भाकरी, शेंगा, ऊस, सगळे नीट चालले. दुसऱ्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत त्या दोन दातांच्या मधोमध ज्वारीचा दाणा अडकू लागला. काडीने काढला की रक्त येई. नंतर हिरडी खाली सरकली, दातांच्या बुडाशी एक काळी फट दिसू लागली आणि सकाळी तोंडाला वास येऊ लागला. दुखत मात्र काहीच नव्हते, आणि दुखत नाही तोवर आपल्याकडे दवाखान्याची पायरी कोणी चढत नाही.

तिसऱ्या वर्षी भाच्याच्या लग्नासाठी लातूरला गेलो असता तिथल्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढायला लावला आणि पडद्यावर दोन इम्प्लांटच्या मध्ये माऊसने एक रेघ ओढली. दीड मिलिमीटर. जेमतेम एका नाण्याची जाडी. त्या दोहोंच्या मध्ये हाडाचे जे उंच टोक असायला हवे, ते ढासळून गेले होते. एक इम्प्लांट उलटा फिरवून काढावा लागला. राहिलेल्या एकावर दोन दात बसले, म्हणजे पहिल्या दिवशी मला सुचवले गेले होते तेच झाले. फरक इतकाच, की मधल्या काळात हाड गेले होते, आणि गेलेले हाड निवृत्तिवेतनाने परत येत नाही.

त्यानंतर मी हा विषय एखाद्या पिकासारखा शिकलो. तुम्हाला तो पाठ आहे. हे पत्र मात्र नांदेड-लातूरचे लोकही वाचणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी चार गोष्टी मांडतो. काही चुकले तर तुम्ही दुरुस्त करा.

आपला मूळ दात हाडात थेट चिकटलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या साधारण पाव भागाएवढा तंतूंचा एक पडदा असतो. दात त्या तंतूंवर झोळीत टांगल्यासारखा असतो. घास चावताना बसणारा दाब तो पडदा झेलतो, खडा लागला की तो कळ पाठवतो, आणि त्यातूनच बारीक रक्तवाहिन्या शेजारच्या हाडाला रक्त पुरवतात. दात काढला की हा पडदाही जातो. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेली टायटॅनियमची खुंटी, आणि खुंटीभोवती हाड थेट येऊन चिकटते. या चिकटण्याचा शोधच मुळी रक्ताभिसरणाच्या अभ्यासातून लागला. 1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातले रक्त कसे वाहते ते पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे साधन काम झाल्यावर बाहेर निघेना. हाडाने ते आपले मानले होते. 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले.

हाडाने खुंटी आपली मानली, पण खुंटी हाडाला रक्त देत नाही. दोन मूळ दातांच्या मधल्या हाडाला दोन्ही बाजूंच्या पडद्यांतून रक्त मिळते. दोन इम्प्लांटच्या मधल्या हाडाला दोन्हीकडून धातू. त्याची भिस्त खालच्या हाडावर आणि वरच्या आवरणावर. तो तुकडा रुंद असेल तर आतल्या मऊ, रक्ताळ भागावर तग धरतो. चिंचोळा असेल तर नुसते कडक कवच उरते आणि ते उपाशी पडते.

लातूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एकाने बोअर घेतला, शेजाऱ्याने त्याला खेटून दुसरा घेतला, आणि दोन्ही आटले, हे इथल्या प्रत्येक गल्लीने पाहिले आहे. जमिनीखालचे पाणी दोघांचे एकच असते. जबड्याच्या हाडातले रक्तही तसेच.

आता आकडे. इम्प्लांटवर वरचा भाग जोडला आणि दात चढवला, की मानेजवळचे हाड थोडे मागे सरते. हा आजार नव्हे. हिरडी धातूभोवती आपली बैठक जमवते, त्यासाठी तिला तेवढी जागा लागते. हाड खाली सरते, तसेच बाजूलाही सरते, आणि अंतराचा सगळा प्रश्न या बाजूला सरण्यातून निघतो. 2000 साली डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 36 रुग्णांचे एक्स-रे मोजून दाखवले, की प्रत्येक इम्प्लांटच्या कडेने हाड साधारण 1.34 ते 1.40 मिलिमीटर मागे जाते. समोरासमोरच्या दोन्ही बाजू मिळवा. पावणेतीन मिलिमीटर होतात. मधली जागा 3 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर दोन खळग्यांच्या मध्ये हाडाचे शिखर उभे राहते. कमी असेल तर दोन खळगे एकमेकांत मिसळतात आणि शिखर कोसळते. जिथे अंतर 3 मिलिमीटरच्या वर होते तिथे मधल्या हाडाची उंची सरासरी 0.45 मिलिमीटरने घटली. जिथे 3 किंवा त्याहून कमी होते तिथे 1.04 मिलिमीटरने, म्हणजे दुपटीहून अधिक.

म्हणून तुमच्या शास्त्राने ढोबळ नियम केला. इम्प्लांट आणि शेजारचा मूळ दात यांच्यात किमान दीड मिलिमीटर, आणि दोन इम्प्लांटमध्ये किमान तीन. दाताच्या बाजूला निम्म्यावर भागते, कारण त्या बाजूला तो पडदा जिवंत असतो.

हाड कोसळले तर हिरडीचे काय होते? दोन दातांच्या मध्ये हिरडीचा जो निमुळता कोंब वर आलेला असतो, तो हाडाच्या शिखरावर उभा असतो. दोन मूळ दात जिथे एकमेकांना टेकतात त्या बिंदूपासून हाड 5 मिलिमीटरच्या आत असेल तर तो कोंब जवळजवळ नेहमी पूर्ण भरलेला सापडतो, हेही टार्नो यांनीच 1992 साली दाखवले. दोन इम्प्लांटच्या मध्ये हिरडी त्याहून गरीब असते. तिथे ती हाडाच्या वर सरासरी साडेतीन मिलिमीटरसुद्धा चढत नाही. शिखर खाली गेले की कोंब बसतो, आणि तिथे काळा त्रिकोण उघडतो. पुढच्या दातांत तो फोटोत दिसतो. मागच्या दातांत हुरडा, मेथी आणि सुपारी त्यात मुक्कामाला येतात. खाली फट पडली असली तरी वर दोन्ही दात एकमेकांना इतके चिकटलेले, की फटीत फिरवायचा छोटा ब्रश आत जात नाही. माझी बरोबर हीच गत होती.

त्यात आणखी एक उणीव असते. मूळ दाताभोवती हिरडीचे तंतू मुळात आडवे शिवल्यासारखे शिरलेले असतात. इम्प्लांटभोवती ते शर्टाच्या कॉलरसारखे नुसते वेढा घालून असतात. कॉलरच्या आत घाण शिरायला वेळ लागत नाही. आधी हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येते. या टप्प्यावर सफाईने सगळे परत जागेवर येऊ शकते. दुर्लक्ष झाले तर जंतू हाडापर्यंत उतरतात आणि खुंटीभोवतीचे हाड बशीसारखे खचत जाते. त्या टप्प्याला परतीची वाट अवघड. कळ पाठवणारा पडदाच नसल्यामुळे रुग्णाला पत्ता लागत नाही. हाड थोडेही धरून असेल तोवर खुंटी हलत नाही, आणि ती हलू लागते तेव्हा धरायला काही उरलेले नसते. जगभरचे अभ्यास एकत्र करून यान डर्क्स आणि क्रिस्तियानो तोमासी यांनी 2015 साली अंदाज मांडला, की इम्प्लांट बसवलेल्या सुमारे 43 टक्के लोकांत हिरडीची सूज आढळते आणि सुमारे 22 टक्क्यांत हाडाला धक्का पोचलेला असतो. निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे बरेच मागेपुढे आहेत, हे त्यांनीच नोंदवले आहे. अंतर हे त्यामागचे एकमेव कारण नव्हे. पण बाकीची कारणे वर्षानुवर्षे सांभाळावी लागतात. अंतर मात्र एकदाच, भूल दिल्यानंतरच्या अर्ध्या तासात ठरते.

आता माझ्या तोंडाचा हिशेब मांडतो. मांडायला पाचवीचे गणित पुरते. नेहमीच्या वापरातला इम्प्लांट साधारण 4 मिलिमीटर जाड. एक बसवायचा तर दीड, चार, दीड, मिळून 7 मिलिमीटर जागा हवी. दोन बसवायचे तर दीड, चार, तीन, चार, दीड. एकूण 14. कललेल्या दाढेमुळे माझ्याकडे जागा होती 12. साडेतीन मिलिमीटरची बारीक खुंटी घेतली असती तरी 13 लागले असते. म्हणजे कसाही जोडा, दोनचे गणित बसत नव्हते. डॉक्टरांना ते दिसले होते, ते बोललेही होते. तोंडी बोललेले हवेत गेले आणि माझा हट्ट राहिला. तोच आकडा कागदावर माझ्या हातात असता, तर मी, जन्मभर अंतर सांगत फिरलेला माणूस, तिथेच थांबलो असतो.

तीन मिलिमीटर ही काही दगडावरची रेघ नाही, हे मला कळते. आता वरचा जोडभाग खुंटीपेक्षा अरुंद ठेवतात, त्यामुळे हाड कमी सरते आणि अंतरात थोडी सूट मिळू शकते. उलट जास्त अंतरही नडते. दोन खुंट्या फार लांब राहिल्या, की वरच्या दाताला छज्ज्यासारखा भाग काढावा लागतो, भार तिरका पडतो, त्याखाली घास अडकतो. शिवाय शेजाऱ्यापासूनचे अंतर ही एकच बाजू झाली. गालाकडच्या बाजूला हाडाची भिंत दीड ते दोन मिलिमीटर उरली पाहिजे, नाहीतर ती भिंत विरते आणि हिरडीतून धातूची छटा दिसू लागते. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणाऱ्या नसेपासून दोनेक मिलिमीटर लांब राहावे लागते. यातले काय कुठे लागू करायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे, पण ठरवले काय, ते रुग्णाला कळले पाहिजे.

महोदय, आमच्याकडे इम्प्लांट नगावर विकले जाते. चार घेतले तर भाव कमी, हप्त्याने घेतले तर सोय. रुग्णही नगच मोजतो, मी मोजले तसेच. मात्र या शास्त्राची उत्तम उदाहरणे कमी नगांची आहेत. खालचा सबंध जबडा बोडका असेल, तर पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवावी, ही उपचारांची पहिली पसंती ठरावी असे 2002 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले. पूर्ण जबड्याचे पक्के दात चार खुंट्यांवर उभे करण्याची पद्धतही आता जुनी झाली. ओळीतले तीन दात गेले असतील तर दोन खुंट्यांवर पूल बांधता येतो. ज्या माणसाने सोयाबीन विकून दातांसाठी पैसे बाजूला काढले आहेत, त्याला हे आधी कळायला नको का?

नांदेड-लातूरची म्हणून काही वेगळी अडचणही आहे. इथे तंबाखू-चुना खिशात असतो. गुटखाबंदी 2012 पासून आहे, तरी पुडी मिळते. कित्येक घरांतल्या आया-आज्या अजून सकाळी मिश्रीने दात घासतात. मधुमेह आता वाडी-तांड्यांवरही पोचला आहे. तंबाखू आणि अनियंत्रित साखर, दोन्ही हिरडीचे रक्त आणि जखमेची भर कमी करतात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाला जेवढे अंतर पुरेल, त्यात कसर करायची मुभा आमच्या हिरडीला नाही. पुन्हा तपासणीला येणेही सोपे नसते. किनवट-माहूरहून नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर. उदगीर-अहमदपूरच्या माणसाला लातूर गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. त्यात मुले पुण्याला किंवा हैदराबादला कामाला. म्हातारा-म्हातारी सहा महिने तिकडे जातात, आणि दात नेमका तिकडे ढिला होतो. तिथला डॉक्टर विचारतो, “कोणत्या कंपनीचा बसवलाय?” प्रत्येक कंपनीच्या खुंटीचा पेच वेगळा, त्याला लागणारा पाना वेगळा. म्हातारा म्हणतो, “नांदेडला बसवला.” एवढीच त्याची माहिती.

दर जूनला मी गावोगाव एकच पाठ म्हणायचो. बियाण्याची पिशवी फेकू नका, टॅग जपा, पावती जपा, लॉट नंबर बघून घ्या. उगवण झाली नाही तर याच कागदावर तुम्ही भांडाल. इम्प्लांटच्या डबीवरही लॉट नंबरची चिकटपट्टी असते. माझी कुठे गेली, मला ठाऊक नाही. दोन हजारांच्या बियाण्याला टॅग मागणारे आम्ही, तोंडात कायमच्या बसणाऱ्या धातूला काहीच मागत नाही.

जमिनीचे तर विचारूच नका. गुंठाभर जागेच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तर-दक्षिणेला काय. जबड्यातल्या खुंटीलाही चतुःसीमा आहे. पुढे सुळा किती अंतरावर, मागे दुसरी खुंटी किती अंतरावर, गालाकडे भिंत किती जाड, खाली नस किती लांब. सीबीसीटी आता आमच्याकडेही निघतो आणि त्यात हे चारही आकडे दिसतात. ते डॉक्टरांच्या संगणकात राहतात आणि खुंटी रुग्णाच्या तोंडात राहते. आकडे आणि खुंटी एका ठिकाणी आणा, एवढेच माझे म्हणणे आहे.

1948 च्या दंतवैद्यक कायद्याने राज्याराज्यांत परिषदा आल्या. 2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही केला. पण दंतवैद्यकात पदव्युत्तर शाखा नऊ आहेत, आणि इम्प्लांट ही त्यांतली वेगळी शाखा नाही. कृत्रिम दातांचे तज्ज्ञ ते बसवतात, हिरडीचे तज्ज्ञ बसवतात, जबड्याचे शल्यतज्ज्ञ बसवतात, आणि थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण घेऊन साधे पदवीधरही बसवतात. त्यांतले पुष्कळजण काम चोख करतात. ज्यांनी माझा उरलेला दात वाचवला, तेही याच पेशातले. पण काम कोणीही केले तरी नोंद एकसारखी असावी, हे ठरवणारे तुमच्याशिवाय दुसरे कोण आहे?

म्हणून चार मागण्या करतो.

पहिली. इम्प्लांट बसवलेल्या प्रत्येक रुग्णाला एक कार्ड मिळावे, मराठीत. त्यावर तारीख, दाताची जागा, कंपनी, खुंटीची जाडी आणि लांबी, लॉट नंबरची चिकटपट्टी आणि मिलिमीटरमध्ये लिहिलेली चतुःसीमा. अंतर नियमापेक्षा कमी ठेवावे लागले असेल तर कारण एका ओळीत.

दुसरी. बसवण्याआधीचा, बसवल्यानंतरचा आणि दात चढवल्या दिवशीचा एक्स-रे रुग्णाच्या हाती असावा. पुढे हाड किती खचले ते कळायला पहिल्या दिवशीची पातळी माहीत लागते. विहिरीचे पाणी किती उतरले हे सांगायला आधीची खूण लागते, तसेच.

तिसरी. संमतीपत्रावर कमी इम्प्लांटचा पर्याय आणि इम्प्लांटशिवायचा पर्याय, दोन्ही खर्चासह लिहिलेले असावेत. रुग्णाला पर्याय आणि धोके समजतील अशा भाषेत सांगून मगच संमती घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात सांगितले आहे. ‘ॲडजस्ट करू’ ही संमती होत नाही. माझ्यासारखा हट्टी रुग्ण समोर असेल तर हा कागद डॉक्टरांनाच वाचवील.

चौथी मागणी तुमच्यामार्फत आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या दंत महाविद्यालयांना. लातूरला अंबाजोगाई रस्त्यावर एक आहे, नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला एक. तिथे महिन्यातला एक दिवस आधीच इम्प्लांट बसवलेल्यांसाठी ठेवावा. विद्यार्थ्यांनी हिरडी तपासावी, एक्स-रे काढावा, अंतर मोजावे, कार्ड भरून द्यावे. विद्यार्थ्यांना शिकायला मिळेल, आणि मराठवाड्यातल्या जबड्यांत हाडाचे खरोखर काय होते आहे, याचा हिशेब पहिल्यांदा कागदावर येईल. अंतर चुकू नये म्हणून साच्यातून भोक पाडण्याची जी पद्धत आहे, ती प्रत्येक पदवीधराच्या हातून एकदा तरी करून घ्यावी. आमच्या तिफणीत सुतार फण ठोकतानाच अंतर ठरवून टाकतो. मग पेरणारा नवखा असला तरी ओळ चुकत नाही.

यात खर्च म्हणाल तर एका जाड कागदाचा. अडचण म्हणाल तर एकच, लिहिलेला आकडा उद्या कोणी वाचेल. पण ज्याचे काम नीट आहे त्याला वाचणाऱ्याची भीती कशाला? पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत दुसरी विहीर खोदू नये, असा कायदा याच राज्याने 1993 साली केला. तेव्हा सरकारने अंतराचा विचार मीटरमध्ये केला होता. आता तुम्ही तो मिलिमीटरमध्ये करावा.

आणि माझ्या नांदेड-लातूरच्या मंडळींना एक सांगणे. इम्प्लांट चांगली गोष्ट आहे. घाबरू नका, माझा उरलेला एक आजही भाकरी चावतो. पण खुर्चीवर बसण्याआधी दोन नाणी एकावर एक ठेवून पाहा. ती जाडी म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. दोन खुंट्यांत तेवढी जागा उरणार आहे का, हे विचारा, आणि उत्तर लिहून मागा. डॉक्टर ‘एकावर भागेल’ म्हणाले, तर माझ्यासारखे ‘दोन बसवा’ म्हणू नका.

परिषदेने कार्डाचा नमुना तयार केला, तर पहिले कार्ड भरायला मी माझ्या सीबीसीटीसह हजर आहे. त्यावर दीड मिलिमीटर असे लिहावे लागेल. लिहा.

आपला,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक,
नांदेड